'विमान दिसतंय' म्हटल्यावर

विमानतळावरच्या त्या उंच, काचेच्या मनोऱ्याविषयी आपल्या मनात एक ठाम समजूत असते. रेल्वेच्या केबिनमधला माणूस जसे सिग्नल पाडतो आणि गाड्या त्याप्रमाणे थांबतात नि सुटतात, तसाच आत बसलेला नियंत्रक आकाशातली सगळी विमानं हलवत असतो, असं आपण धरून चालतो. म्हणून अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न येतो, "मनोरा काय करत होता?" प्रश्न रास्त आहे. पण रोज जगभरात अशी अनेक उड्डाणं होतात, ज्यांत दुसऱ्या विमानापासून लांब राहण्याची जबाबदारी मुळात मनोऱ्याची नसतेच, ती वैमानिकाच्या डोळ्यांवर सोपवलेली असते. आणि कधी कधी तर ही जबाबदारी उड्डाण चालू असताना, एका लहानशा वाक्यासरशी, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. ते वाक्य म्हणजे, "विमान दिसतंय." आज मला या वाक्याविषयी बोलायचं आहे.

मी वैमानिक नाही. मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचायची मला सवय लागली आहे, आणि त्याचं कारण भाषेशी संबंधित आहे. माणसांनी उच्चारलेला प्रत्येक शब्द, तो कोणी उच्चारला, कोणत्या सेकंदाला उच्चारला आणि ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ घेतला, याचा इतका काटेकोर हिशोब मला दुसऱ्या कुठल्याच वाङ्मयात आढळलेला नाही.

आधी थोडी नियमांची ओळख करून घेऊ. उड्डाणाचे नियम ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एक उपकरणांवरचं उड्डाण. ढगात, धुक्यात, रात्री, बाहेर काहीही दिसत नसलं तरी विमान यंत्रांच्या आधारे जातं आणि अशा दोन विमानांमध्ये ठरावीक अंतर राखणं हे नियंत्रकाचं काम असतं. आपण ज्या मोठ्या विमानांनी मुंबईहून दिल्लीला जातो, ती याच नियमांखाली उडतात. दुसरं नजरेचं उड्डाण, वैमानिकांच्या बोलीत 'व्हीएफआर'. यात वैमानिकाने बाहेर बघायचं, ढगांपासून दूर राहायचं, जमीन, डोंगर, तारा, दुसरी विमानं स्वतः पाहायची आणि चुकवायची. त्यासाठी हवामान स्वच्छ लागतं. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे पाच किलोमीटर लांबपर्यंतचं दिसलं पाहिजे आणि विमान ढगापासून बाजूने दीड किलोमीटर, वरखाली एक हजार फूट दूर राहिलं पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपल्याकडे अशी उड्डाणं सर्वसाधारणपणे दिवसाउजेडीच होतात. फ्लाइंग क्लबची विमानं, हेलिकॉप्टरं, लहान खासगी विमानं ही या वर्गातली मंडळी.

मग अशा उड्डाणात नियंत्रकाला काही कामच नाही का? आहे, आणि महत्त्वाचं आहे. धावपट्टीवर कोण उतरणार, कोण आधी उडणार, हे तोच ठरवतो. आसपासच्या विमानांची माहिती तोच देतो, आणि ती घड्याळाच्या भाषेत देतो. वैमानिकाच्या नाकासमोर बारा वाजलेत असं धरायचं. मग 'दोन वाजता, तीन मैल' म्हणजे उजवीकडे जरा पुढे, तीन मैलांवर. या माहितीवर वैमानिकाने द्यायची उत्तरं ठरलेली आहेत. 'शोधतोय', 'दिसतंय' किंवा 'दिसत नाही'. चौथं उत्तर नाही. 'बहुधा', 'असावं', 'वाटतं' यांना तिथे जागा नाही.

वैमानिकांना परस्परांसाठीही नियम आहेत. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे, त्याने वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने उजवीकडून जायचं आणि ती जबाबदारी मागच्याची. बिनइंजिनाच्या ग्लायडरला इंजिनवाल्याने वाट द्यायची, फुग्याला तर सगळ्यांनीच. आपल्या घाटरस्त्यांवर चढणाऱ्या गाडीला वाट देण्याची रीत आहे, तसलाच हा शहाणपणा. या सगळ्याच्या वर एक कलम आहे. नियंत्रकाने परवानगी दिली, सूचना दिली, तरी विमानाच्या सुरक्षिततेची अंतिम जबाबदारी कॅप्टनवरून हटत नाही.

आता मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो प्रकार या दोन्हींच्या मधला आहे. विमान मोठं असतं, प्रवाशांनी भरलेलं असतं, उपकरणांच्या नियमांखाली आलेलं असतं. पण विमानतळाजवळ हवा स्वच्छ असते, गर्दी असते. नियंत्रक विचारतो, "पुढचं विमान दिसतंय का?" वैमानिक म्हणतो, "दिसतंय." नियंत्रक म्हणतो, "मग नजरेने अंतर राखा." त्या क्षणी अंतर राखण्याचं काम मनोऱ्याकडून कॉकपिटकडे गेलं. यात वाईट काही नाही. यंत्रांचं अंतर तीन मैलांचं असतं. नजरेने ते कमी करता येतं, तेवढ्याच वेळात जास्त विमानं उतरतात आणि प्रवाशांचा खोळंबा टळतो. पण म्हणूनच हा व्यवहार नीट समजून घ्यायला हवा. यात एकाने काम दिलं आणि दुसऱ्याने घेतलं, आणि त्याची पावती म्हणून एक शब्द उरला.

भारतीय माणसाला आकाशातली टक्कर म्हटली की १२ नोव्हेंबर १९९६ची चरखी दादरीची टक्कर आठवते. सौदी आणि कझाक विमानं धडकली, ३४९ माणसं गेली. तो प्रकार वेगळा होता. दोन्ही विमानं उपकरणांवर होती, नियंत्रकाने उंची ठरवून दिली होती, आणि कझाक विमान १५ हजार फुटांची मर्यादा सोडून खाली आलं. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, म्हणून नियंत्रकाला ते कळलंही नाही. तिथे डोळ्यांवर काही सोपवलेलं नव्हतं. मला सांगायच्या आहेत त्या गोष्टी अमेरिकेतल्या आहेत, कारण डोळ्यांवर सगळ्यात जास्त भिस्त तिथे ठेवली गेली आणि तिचे हिशोबही तिथेच सगळ्यात तपशिलाने लिहिले गेले.

३० जून १९५६. लॉस एंजेलिसहून सकाळी तीन मिनिटांच्या अंतराने दोन विमानं निघाली. एक टीडब्ल्यूए कंपनीचं, कॅन्सस सिटीला जाणारं. दुसरं युनायटेडचं, शिकागोला जाणारं. टीडब्ल्यूएच्या कॅप्टनने वाटेत २१ हजार फुटांची उंची मागितली. त्या उंचीवर युनायटेडचं विमान असल्याने ती मिळाली नाही. मग त्याने ढगांच्या वर एक हजार फूट राहण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. ही परवानगी म्हणजे नजरेचं उड्डाण. आता दुसऱ्या विमानांना चुकवणं ज्याचं त्याने बघायचं. ढगांचे माथे उंच होते, त्यांच्यावरून जाताना हेही विमान अखेर २१ हजारांवरच पोचलं. ग्रँड कॅन्यनच्या वर, जिथे रडारची नजर नव्हती आणि नियंत्रकाची सत्ताही नव्हती, तिथे ती एकमेकांवर आदळली. १२८ माणसं होती, एकही वाचलं नाही. दोन्ही विमानं एकाच उंचीवर, एकाच मिनिटाला एकच रेषा ओलांडणार असल्याचे अंदाज जमिनीवर पोचले होते. पण त्या भागात दोघांना सावध करणं हे नियमाने नियंत्रकाचं काम नव्हतं, आणि त्याने ते केलं नाही. चौकशीचा निष्कर्ष एवढाच निघाला, की वैमानिकांनी एकमेकांना वेळेत पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे ठरवता आलं नाही. पुढे १९५८मध्ये अमेरिकेत नवा विमान वाहतूक कायदा झाला आणि देशभराच्या आकाशासाठी एकच संस्था उभी राहिली, त्यामागे या अपघाताचा मोठा वाटा होता.

का पाहिलं नाही, याचं थोडंफार उत्तर डोळ्यांच्या रचनेत आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी एक हिशोब छापला आहे. एखादी वस्तू नजरेला पडण्यापासून ती काय आहे हे ओळखणं, ती आपल्यावर येते आहे हे उमगणं, कुठे वळायचं ते ठरवणं, हात हलणं आणि मग विमान वळणं, या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात. त्यातले पाच सेकंद नुसते 'ही आपल्यावर येते आहे' हे कळण्यात जातात. आता समजा, दोन विमानं ताशी साडेचारशे किलोमीटरने समोरासमोर येताहेत. साडेबारा सेकंदांत त्यांच्यातलं तीन किलोमीटरहून जास्त अंतर संपतं. म्हणजे दुसरं विमान तीन किलोमीटरवर असतानाच दिसलं पाहिजे. आणि तीन किलोमीटरवरचं लहान विमान केवढं दिसतं? सहा-सात मीटरवर कोणी रुपयाचं नाणं धरावं, तेवढं.

त्यात आणखी एक चकवा आहे, तो मला फार विलक्षण वाटतो. आपल्यावर आदळायला येणारं विमान काचेवर हलत नाही. बाजूने निघून जाणारं विमान काचेवर सरकतं, म्हणून डोळा ते टिपतो. धडकणारं मात्र एकाच जागी ठिपक्यासारखं चिकटून राहतं, आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. माणसाचा डोळा हालचाल टिपायला शिकलेला. जे हलत नाही तेच जिवावरचं, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. त्यातून ते विमान आपल्यापेक्षा खाली असलं, तर मागे घरांची छपरं नि रस्ते असतात आणि ठिपका त्यात विरून जातो. आपण 'डोळ्यांत तेल घालून' म्हणतो खरं, पण तेल घालून हे दोष जात नाहीत.

आता सॅन डिएगो. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा अहवाल हाच. २५ सप्टेंबर १९७८, सकाळी नऊची वेळ, लख्ख आकाश, दहा मैलांपर्यंतचं दिसत होतं. पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ उतरायला येत होतं. त्याच्या पुढे, खाली, एक छोटं सेसना होतं. त्यात एक वैमानिक उपकरणांवर उतरण्याचा सराव करत होता आणि सोबत शिक्षक होता. बोइंगला सेसनाची माहिती दिली गेली. उत्तर आलं, "दिसतंय." नियंत्रकाने नजरेने अंतर राखायला सांगितलं आणि विमान मनोऱ्याच्या स्वाधीन केलं. इथवर सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.

मनोऱ्याने पुन्हा सांगितलं, बारा वाजता, एक मैल, सेसना. कॉकपिटमध्ये कॅप्टनने विचारलं, आपण बघत होतो तेच का हे? सहवैमानिक म्हणाला, हो, पण आता मला ते दिसत नाही. हे झालं कॉकपिटच्या आत. रेडिओवर मात्र कॅप्टन म्हणाला, मिनिटापूर्वी ते तिथे होतं. आणि मग, मला वाटतं ते आपल्या उजवीकडून निघून गेलं. मनोरा 'बरं' म्हणाला.

श्रोतेहो, इथे थांबून हे शब्द बघा. आत 'दिसत नाही' हे स्वच्छ शब्द उच्चारले गेले, पण ते रेडिओवर आले नाहीत. रेडिओवर आला भूतकाळ, 'होतं', आणि आला तर्क, 'मला वाटतं, निघून गेलं'. ठरलेल्या तीन उत्तरांपैकी एकही नाही. आणि मनोऱ्यातल्या नियंत्रकाने चौकशीत सांगितलं, की आपण ऐकलं ते 'उजवीकडून जातंय' असं. इंग्रजीत हा फरक शब्दाच्या शेपटापुरताच आहे. 'गेलं' म्हणजे आता माझ्या नजरेसमोर नाही. 'जातंय' म्हणजे मी या क्षणी त्याला पाहतो आहे. एका प्रत्ययाच्या अंतरात जबाबदारी कोणाची, हा सगळा प्रश्न सामावला होता. काळ चुकला तर कविता बिघडते, एवढंच आम्हा लोकांना ठाऊक.

त्यानंतर कॉकपिटमध्ये कोणीतरी विचारलं, आपण त्या सेसनापासून सुटलो ना? एक म्हणाला, सुटायला हवं. एक म्हणाला, असं वाटतंय. आणखी एक म्हणाला, आशा करू या. चार अनुभवी माणसं होती, आणि चौघांपैकी एकानेही मनोऱ्याला 'दिसत नाही' असं कळवलं नाही. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण एकदा 'दिसतंय' असं जाहीर म्हटल्यावर 'आता दिसत नाही' असं म्हणायला जीभ का जड होते, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला सांगावं लागणार नाही.

नियंत्रकांच्या बाजूलाही काहीतरी घडत होतं. टक्कर होण्याच्या १९ सेकंद आधी तिथल्या रडार केंद्रात धोक्याची सूचना वाजली होती. पण अशा सूचना तिथे वारंवार वाजत आणि फुकट जात. शिवाय बोइंगने 'दिसतंय' म्हटलेलं होतं. तेव्हा बोइंगला किंवा मनोऱ्याला कळवायची गरज वाटली नाही. सेसनाला मात्र कळवलं गेलं, की जेट विमानाने तुम्हाला पाहिलेलं आहे. हे सांगितलं जात होतं, त्याच वेळी टक्कर झाली. सेसनाही नेमून दिलेल्या दिशेवरून थोडं सरकलेलं होतं आणि त्याने ते कळवलं नव्हतं. बोइंगमधली १३५, सेसनातली दोन आणि नॉर्थ पार्क वस्तीत जमिनीवर सात, अशी १४४ माणसं गेली.

चौकशी मंडळाने मुख्य ठपका ठेवला तो वैमानिकांवर, नजरेचं अंतर राखलं नाही आणि विमान दिसेनासं झालं हे कळवलं नाही म्हणून. रडारने अंतर राखता येत असताना नजरेवर सोपवू देणारी पद्धतही कारणीभूत ठरवली. मंडळाच्या एका सदस्याने मात्र लेखी असहमती नोंदवली. पद्धतीला दुय्यम स्थान का, असं त्याचं म्हणणं होतं. मला तो सदस्य बरोबर वाटतो. एका बाजूला डोळे, दुसऱ्या बाजूला रडार, आणि दोन्ही उपलब्ध असताना कमकुवत साधनावर भार टाकायचा, याला फक्त वैमानिक जबाबदार कसा?

आमच्याकडे रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी गच्च्यांवर माणसं जमतात. पश्चिमेला बोट जातात, "तो पाहा, त्या झाडाच्या वर!" आणि मग एखादा पोरगा ओरडतो, "दिसला!" पण त्याच्या ओरडण्यावर ईद होत नाही. जाणते लोक त्याला बसवून विचारतात. कुठे होता? कोर कुठल्या बाजूला होती? तू पाहिलास, की बाकीचे म्हणाले म्हणून पाहिलास? त्याची साक्ष घेतली जाते. 'दिसल्यासारखा वाटला' ही साक्ष होत नाही, आणि तसं सांगणाऱ्याला कोणी हसतही नाही. चंद्र तर लाखो मैलांवर, चुकला तर फार तर एक रोजा जास्त घडेल. आकाशातल्या ज्या 'दिसतंय'वर शंभर-दीडशे जीव अवलंबून असतात, तिथे असा उलटा प्रश्न विचारायला वेळ नसतो. म्हणून तिथे तो प्रश्न पद्धतीतच आधीपासून बसवलेला असायला हवा.

डोळ्यांना दिसलेलं खरं असलं तरी ते हवं तेच असतं असं नाही, याचं उदाहरण आपल्या मुंबईत आहे. २४ सप्टेंबर १९७२ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जातीचं मोठं विमान सांताक्रूझऐवजी जुहूच्या धावपट्टीवर उतरलं. जुहूची धावपट्टी जेमतेम अकराशे मीटरची, अर्थातच ते पुढे घसरत गेलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही. वैमानिकाला धावपट्टी दिसली होती, हे अगदी खरं. ती दुसरी होती. दोन्ही विमानतळ इतके जवळ, की वरून बघणाऱ्याला हाताच्या शेजारच्या बोटांसारखे. जुहूवर आजही हेलिकॉप्टरं आणि लहान विमानं असतात, मोठी विमानं सांताक्रूझला, आणि मधलं आकाश दोघांना वाटून घ्यावं लागतं.

आता ताजी गोष्ट. २९ जानेवारी २०२५च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली. विमानात ६४, हेलिकॉप्टरमध्ये तीन, सगळी ६७ माणसं गेली. विमान कॅन्ससमधल्या विचिटाहून आलं होतं. त्यात फिगर स्केटिंगची शिबिरं संपवून परतणारी मुलं आणि त्यांचे आईवडील होते.

त्या विमानतळाशेजारी नदीच्या काठाने हेलिकॉप्टरांची ठरलेली वाट होती. हेलिकॉप्टरने तिथे २०० फुटांच्या वर जायचं नाही. नियंत्रकाने विमानाला नेहमीच्या लांब धावपट्टीऐवजी ३३ क्रमांकाच्या आखूड धावपट्टीवर येण्याविषयी विचारलं, वैमानिकांनी होकार दिला. त्या धावपट्टीकडे येणारं विमान नदी ओलांडताना हेलिकॉप्टरच्या वाटेवरूनच खाली येतं. दोघंही नियमात राहिले, तरी त्या काठापाशी वरखाली अंतर उरत होतं फक्त सुमारे ७५ फूट. साधारण सात मजली इमारतीएवढं. त्या रात्री हेलिकॉप्टर मर्यादेच्या वर, २७८ फुटांवर होतं.

टक्कर होण्याच्या सुमारे दोन मिनिटं आधी नियंत्रकाने हेलिकॉप्टरला सांगितलं, की एक विमान वळसा घेऊन ३३वर येतं आहे. त्यातला 'वळसा घेऊन' हा शब्द हेलिकॉप्टरमधल्या ध्वनिमुद्रणात नाही. हेलिकॉप्टर म्हणालं, विमान दिसतंय, नजरेने अंतर राखू. मंजूर झालं. त्या दिशेला एकामागून एक उतरणाऱ्या विमानांचे दिवे होते. त्यांनी पाहिलेला दिवा कोणता होता, हे सांगायला आज कोणी नाही. टक्कर होण्याच्या वीस सेकंद आधी नियंत्रकाने विचारलं, ते विमान दिसतंय ना? पाठोपाठ सांगितलं, त्याच्या मागून जा. नेमकं त्याच क्षणी हेलिकॉप्टरमध्ये बोलण्याचं बटण दाबलेलं होतं, आणि 'मागून जा' हे शब्द आत पोचलेच नाहीत. पुन्हा उत्तर गेलं, दिसतंय, नजरेने अंतर राखतो.

हे चालू असताना विमानाच्या वैमानिकांना काय माहीत होतं? हेलिकॉप्टर वेगळ्या रेडिओ लहरीवर बोलत होतं, त्यामुळे त्याचं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं. नियंत्रक दोन्हींवर एकटाच बोलत होता, कारण हेलिकॉप्टरांचं आणि विमानांचं काम त्या वेळी एकाच माणसाकडे दिलं होतं. दोन विमानं एकमेकांच्या रोखाने येत असतील आणि एकाने नजरेची जबाबदारी घेतली असेल, तर दुसऱ्यालाही तसं कळवावं, असा नियम अमेरिकी नियंत्रकांच्या पुस्तकात आहे. ते कळवलं गेलं नाही. विमानातल्या टक्कररोधक यंत्राने 'विमान, विमान' अशी हाक दिली, पण वर जा किंवा खाली जा असा हुकूम ते यंत्र इतक्या कमी उंचीवर देत नाही. जमिनीजवळ 'खाली जा' म्हणणं घातक, म्हणून ते मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

अपघाताच्या चौकशीत आणखी एक आकडा पुढे आला. २०२१ ते २०२४ या काळात त्या एकाच विमानतळाजवळ हेलिकॉप्टर आणि विमान यांच्यातलं अंतर आडवं एक मैल आणि उभं चारशे फूट यांहून कमी झाल्याच्या १५ हजारांहून जास्त नोंदी होत्या. नोंदी यंत्रात पडून होत्या. सॅन डिएगोतल्या त्या वारंवार वाजणाऱ्या सूचनेची आठवण होते.

जानेवारी २०२६मध्ये चौकशी मंडळाने निष्कर्ष जाहीर केला. यावेळी क्रम वेगळा होता. हेलिकॉप्टरची वाट धावपट्टीच्या इतक्या जवळ आखणारं प्रशासन, हाताशी असलेल्या माहितीचा आढावा न घेणं, आणि डोळ्यांच्या मर्यादा लक्षात न घेता गर्दी पुढे सरकवण्यासाठी नजरेच्या अंतरावर टाकलेला अतिरेकी भरवसा, या गोष्टी आधी आल्या. मनोऱ्यात कामाचा ताण होता, याचीही नोंद झाली. हेलिकॉप्टरने नजरेने अंतर राखलं नाही, हेही कारणांत आहेच. पण १९७८च्या त्या एकट्या सदस्याने जे म्हटलं होतं, ते ४७ वर्षांनी पहिल्या ओळीत आलं.

माझं मत विचाराल तर मी नजरेच्या उड्डाणाच्या विरोधात नाही. ते बंद केलं तर फ्लाइंग क्लबमधली मुलं उडायला शिकणार नाहीत, डोंगरात अडकलेल्यांपर्यंत हेलिकॉप्टर पोचणार नाही. धुळे असो की बारामती, शिकाऊ वैमानिकाची सुरुवात खिडकीबाहेर बघण्यापासूनच होते, आणि व्हायला हवी. माझा आक्षेप आहे तो 'दिसतंय' हा शब्द ऐकून दुसऱ्या बाजूने सुटकेचा श्वास टाकण्याला. काम सोपवलं म्हणून नियंत्रकाचं लक्ष ठेवणं संपत नाही. समोर रडारवर दोन ठिपके जवळ येताना दिसत असतील, तर वैमानिक काहीही म्हणो, 'उजवीकडे वळा' हे सांगायचा त्याला अधिकार आहे आणि ते त्याचं कर्तव्यही आहे. आणि वैमानिकाने 'दिसत नाही' म्हटलं, तर त्याची किंमत म्हणून त्याला दोन मिनिटं आकाशात घिरट्या घालायला लागल्या तरी कोणी कपाळाला आठी घालू नये. लहान मुलाने 'मला फळ्यावरचं दिसत नाही' म्हटल्यावर जो मास्तर रागावतो, त्याच्या वर्गात पुढे कोणीच तसं म्हणत नाही.

वॉशिंग्टनमधली ती नदीकाठची वाट २०२५च्या मार्चमध्ये त्या भागापुरती कायमची बंद झाली. टक्कर झाली त्या रात्री विमानाचे वैमानिक धावपट्टीवर उतरण्याच्या तयारीत होते. हेलिकॉप्टरने दोनदा सांगितलं, विमान दिसतंय. विमानाला, हेलिकॉप्टर दिसतंय का, असं कोणी एकदाही विचारलं नव्हतं.